दंड वाढवा म्हणणाऱ्यांना

बीडच्या सुभाष रोडवरच्या कोंडीचा विषय निघाला की बोलणं दोन वाक्यांवर येऊन थांबतं. 'आपल्या लोकांना शिस्तच नाही' हे पहिलं आणि 'जबर दंड ठोका, मग बघा कसे सरळ होतात' हे दुसरं. मोंढ्यातल्या गादीवर, वकिलांच्या बाररूममध्ये, वाचकांच्या पत्रांत आणि नगरपालिकेला दिलेल्या निवेदनांत ही वाक्यं इतक्यांदा आली आहेत की ती तपासून घ्यावीत, हेच आता कोणाच्या ध्यानात येत नाही. आपल्याकडे वादाची जुनी रीत अशी, की आधी पूर्वपक्ष मांडायचा, आणि तोही प्रतिपक्षाला स्वतःला जमेल त्याहून बरा. तेव्हा आधी तोच मांडतो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ज्या गुन्ह्याला वेगळी शिक्षा सांगितलेली नाही, त्याच्यासाठी १७७ वं कलम आहे. चुकीच्या जागी गाडी लावणं बहुतेक वेळा याच कलमात बसतं. पहिल्या वेळी १०० रुपयांपर्यंत, पुन्हा सापडल्यास ३०० रुपयांपर्यंत, असे त्यातले आकडे होते आणि तीस वर्षं ते जागचे हलले नाहीत. तेवढ्या काळात शंभराच्या नोटेचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मग २०१९ च्या दुरुस्तीने ते ५०० आणि १,५०० केले. देशात ही दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली, पण हे दंड लोकांना झेपणारे नाहीत म्हणून तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी ते महाराष्ट्रापुरते रोखून धरले. आपल्याकडे नवे दर आले ते डिसेंबर २०२१ मध्ये. पूर्वपक्षाचं म्हणणं असं, की धाक पैशात मोजला जातो. पैसा स्वस्त झाला तसा धाकही स्वस्त झाला, म्हणून तो महाग करा. आणि एक बिनतोड वाटणारा दाखला त्यांच्या खिशात कायम तयार असतो: बीडमध्ये चौकात गाडी आडवी लावणारा हाच माणूस पुण्याला लेकाकडे गेला की पाटी वाचून, पी-१ का पी-२ बघून, तारीख मोजून गाडी लावतो.

यातलं महागाईचं गणित खरं आहे. पुण्याचा दाखलाही खरा आहे. फक्त तो दाखला देणाऱ्याच्या बाजूने बोलत नाही, हे पुढे दाखवतो.

दंड वाढवून पाहण्याचा प्रयोग आपण करून चुकलो आहोत, ही पहिली गोष्ट. शंभराचे पाचशे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. त्याहून कितीतरी मोठी वाढ मात्र कोणाच्या लक्षातच आली नाही. सार्वजनिक वाटेत अडथळा किंवा धोका निर्माण करण्याबद्दल भारतीय दंड संहितेचं २८३ वं कलम होतं. रस्त्यात मधोमध उभ्या केलेल्या रिक्षांवर, हातगाड्यांवर पोलिस पिढ्यान् पिढ्या तेच लावत आले. त्याची कमाल शिक्षा २०० रुपये दंड. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली, २८३ चं २८५ झालं आणि दोनशेचे झाले पाच हजार. एका रात्रीत पंचवीस पट! त्या वर्षीच्या जूनमधला सुभाष रोड आणि ऑगस्टमधला सुभाष रोड यांत फरक दिसला, असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. धाक रकमेत असता तर पंचवीस पट धाकाची थोडी तरी खूण रस्त्यावर उमटायला हवी होती.

ती का उमटली नाही याचं उत्तर एका अर्थशास्त्रज्ञाने दिलेलं आहे, आणि गंमत म्हणजे ते त्याला सुचलं गाडी लावतानाच. गॅरी बेकर कोलंबिया विद्यापीठात एका विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घ्यायला निघाले होते आणि उशीर झाला होता. गाडी वाहनतळावर लावून चालत जायचं, की रस्त्यावरच बेकायदा लावून पावतीचा धोका पत्करायचा? त्यांनी पकडलं जाण्याची शक्यता आणि दंडाची रक्कम यांचा मनात गुणाकार केला, गाडी रस्त्यावर लावली आणि परीक्षेच्या दालनात शिरेपर्यंत त्यांच्या डोक्यात एक सिद्धान्त तयार झाला. १९६८ मध्ये तो शोधनिबंध म्हणून छापून आला. १९९२ च्या नोबेल व्याख्यानात हा किस्सा त्यांनी स्वतःच सांगितला. हाच गुणाकार बीडला लावून बघा. समजा, बेकायदा लावलेल्या पन्नास गाड्यांमागे एकीची पावती फाटते. मग पाचशेचा दंड दर खेपेला दहा रुपयांचा झाला. दहा रुपयांत दुकानाच्या दारात जागा मिळत असेल तर कोण सोडेल? दंड दीडहजार करा, तीस रुपये होतील. उलट रक्कम पाचशेच ठेवून पाचातल्या एकाची पावती फाडा, खेप शंभर रुपयांना पडेल. गुणाकाराच्या ज्या बाजूला हात घालायला कष्ट पडतात, माणसं रोज कामाला लावावी लागतात, ती बाजू तशीच ठेवून आपण दुसऱ्या बाजूवर शून्यं चढवत बसलो आहोत.

यावर पूर्वपक्ष म्हणेल, की हिशोब करणारी माणसं अमेरिकेत असतील, आपल्याकडे प्रश्न संस्कृतीचा आहे. या आक्षेपाला मी मान देतो, कारण त्याच्या बाजूने एक भक्कम पुरावा खरोखरच आहे, आणि दंडवादी मंडळी तो वापरत नाहीत याचं मला नवल वाटतं. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात जगभरचे राजनैतिक अधिकारी राहतात. त्यांना मुत्सद्दी म्हणून संरक्षण असल्यामुळे पार्किंगची पावती फाटली तरी भरण्याची सक्ती नव्हती. रे फिसमन आणि एडवर्ड मिगेल या दोन अभ्यासकांनी १९९७ ते २००२ या पाच वर्षांतल्या न भरलेल्या पावत्या मोजल्या. त्या दीड लाखाच्या वर निघाल्या आणि थकबाकी एक कोटी ऐंशी लाख डॉलरच्या पुढे गेली होती. शहर तेच, रस्ते तेच, कायदा तोच आणि शिक्षेची भीती सगळ्यांना सारखीच शून्य. तरीही देशादेशांत जमीन-अस्मानाचा फरक होता. कुवेतच्या एकेका अधिकाऱ्यामागे वर्षाला दोनशेवर पावत्या होत्या, तर स्वीडन, नॉर्वे, जपान यांच्या नावावर एकही थकलेली नव्हती. ज्या देशांत भ्रष्टाचार जास्त मानला जातो, त्यांचे अधिकारी जास्त बेफिकीर निघाले. म्हणजे माणूस आपल्या घरचं वळण सोबत घेऊन जातो, हे सिद्ध झालं. पूर्वपक्ष जिंकलाच म्हणा ना.

पण अभ्यास तिथे संपत नाही. २००२ च्या अखेरीस न्यूयॉर्कला नवे अधिकार मिळाले. तीनपेक्षा जास्त पावत्या थकल्या की गाडीची राजनैतिक नंबरप्लेट काढून घ्यायची, आणि थकलेली रक्कम त्या देशाला मिळणाऱ्या अमेरिकी मदतीतून वळती करायची. दंडाचा आकडा वाढला म्हणून काही झालं नव्हतं. बदललं ते एवढंच, की दंड खरंच वसूल होणार हे कळलं. थकणाऱ्या पावत्या जवळजवळ ९८ टक्क्यांनी घसरल्या. कुवेतचं वळण, आफ्रिकेतल्या देशांचं वळण, सगळी वळणं काही आठवड्यांत सरळ झाली. संस्कृती होती, पण नियम गंभीर नसेल तिथवरच तिचा पाय पोचत होता. पुण्याला लेकाकडे गेलेला आपला बीडकर याहून वेगळं काय सांगतो? तो तिथे सुधारत नाही. तिथे पाटी असते, जागा असते, आणि गाडी उचलून नेली तर ती सोडवायला फोन करण्याजोगं कोणी ओळखीचं नसतं.

फोनचा मुद्दा मी सहज ओलांडणार नाही, कारण बीड जिल्ह्यात दंडाचं खरं अर्थशास्त्र तिथे आहे. वाहतूक शाखेच्या शिपायाने ई-चलनाचं यंत्र काढलं की समोरचा माणूस पाकिटाला हात घालत नाही, मोबाइलला घालतो. भाऊ, दादा, साहेब, अण्णा, कोणीतरी लागतं आणि शिपायाच्या कानाशी तो मोबाइल येतो. ओळख हे ज्याचं त्याचं राजनैतिक संरक्षण. आता विचार करा, शंभर रुपयांसाठी कोणी भाऊंना फोन लावायचा? भाऊ हसतील. पाचशेसाठी लावावा वाटतो, दीडहजारासाठी तर लावायलाच हवा. म्हणजे दंड जितका मोठा, तितकी तो टाळण्यासाठी ओळख वापरायची किंमत परवडते. मग ज्याची ओळख नाही तोच तेवढा भरतो. दंडवाढ गर्दी कमी करत नाही, गर्दीतले ओळखवाले आणि बिनओळखीचे वेगळे काढते. आणि उन्हात उभा असलेला शिपाई, ज्याची बदली कोणाच्या हातात आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं, तो हळूहळू यंत्र काढायचंच टाळतो. बेकरच्या गुणाकारातली एक बाजू वाढवली की आपल्याकडे दुसरी आपोआप घटते, हे बेकरला सुचलं नव्हतं. त्याला बीडला यावं लागलं असतं.

आणि समजा, फोन न करता पावती फाटली. ई-चलन गाडीच्या नंबरावर चढतं आणि तिथेच राहतं. गाडी विकताना किंवा कागदपत्रांचं काम निघतं तेव्हा त्याची आठवण होते. एरवी राष्ट्रीय लोकअदालतीची तारीख जवळ आली की मोबाइलवर संदेश येतो आणि लोक तडजोडीची वाट बघतात. आपल्या शेजारच्या दोन राज्यांनी तर थांबणाऱ्यालाच बक्षीस दिलं. तेलंगणाने २०२२ मध्ये थकलेल्या चलनांवर सूट काढली, दुचाकी-तीनचाकीवाल्यांनी पाव हिस्सा भरला की बाकी माफ. कर्नाटकाने २०२३ मध्ये निम्मी रक्कम सोडली. दोन्हीकडे रांगा लागल्या, तिजोरीत पैसा आला, बातम्या झाल्या. ज्यांनी पहिल्याच आठवड्यात निमूट पूर्ण दंड भरला होता, त्यांना यातून काय शिकायला मिळालं? मोठा दंड, मोठी थकबाकी, मग मोठी सूट. या क्रमात धाक कुठे बसतो ते मला दाखवा.

आता दंड ज्याच्यावर पडतो तो माणूस कोण ते बघू. बीडला १७ सप्टेंबर २०२५ पर्यंत रेल्वे नव्हती. जिल्ह्याचं ठिकाण, पण येणारा प्रत्येक माणूस रस्त्यानेच येणार, आणि एसटीची वेळ जुळली नाही की मोटारसायकलवर. लिंबागणेशचा, नेकनूरचा, मांजरसुंब्याचा शेतकरी तहसीलला, कोर्टात, जिल्हा रुग्णालयात, जूनमध्ये बियाण्याच्या दुकानात येतो. गाडी दुकानासमोर लावतो, कारण दुसरी जागा त्याला कोणी दाखवलेली नाही. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरलेली होती. पाचशेची पावती म्हणजे त्याची दीड दिवसाहून जास्त मजुरी. त्याच्या शेजारी काळ्या काचांची भलीमोठी गाडी दोन गाड्यांची जागा अडवून उभी असते. तिच्या मालकाला पाचशे रुपये डिझेलच्या हिशोबातही धरावे लागत नाहीत.

कौटिल्याला हे कळत होतं असं म्हणायचा मोह होतो, पण तो मोह आवरतो. त्याने श्रीमंत-गरीब पाहिलेले नव्हते, पाहिला होता तो रस्ता. 'अर्थशास्त्रा'च्या तिसऱ्या अधिकरणात वाटा अडवणाऱ्यांचे दंड आहेत. माणसांची आणि शेळ्यामेंढ्यांची वाट अडवली तर १२ पण, गाईबैलांची अडवली तर २४, हत्तींची किंवा शेताकडे जाणारी अडवली तर ५४, आणि चढत चढत मोठ्या ठाण्याकडे किंवा राष्ट्राकडे जाणारा मार्ग अडवला तर १,०००. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दंडात ऐंशी पटींहून जास्त अंतर. अडथळ्याने किती जणांचं किती अडलं, ते मोजून दंड ठरवलेला. आपल्याकडे रुग्णालयाच्या फाटकात रुग्णवाहिका अडवणाऱ्याला आणि दुपारच्या रिकाम्या गल्लीत चुकीच्या बाजूला स्कूटर लावणाऱ्याला एकाच रकमेची पावती मिळते. मोटार वाहन कायद्यात रहदारीला अडथळा करण्याचं २०१ वं कलम वेगळं आहे खरं, पण त्याचीही कमाल मर्यादा पाचशेच आहे.

जिल्ह्यातला सर्वांत घातक पार्किंगचा गुन्हा सुभाष रोडवर घडतच नाही. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीचा हंगाम लागला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री ढाब्यासमोर निम्मे डांबरावर, निम्मे साइडपट्टीवर उभे राहतात. मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही. धुळे-सोलापूर महामार्गावर किंवा माजलगाव-परळीकडच्या रस्त्यांवर अशा उभ्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळून माणूस गेल्याची बातमी वाचणं या भागात हंगामी सवयीचं झालं आहे. कायद्याचं १२२ वं कलम धोक्याच्या स्थितीत वाहन सोडून जाण्याला मनाई करतं, ते याच्यासाठीच. पण पार्किंगवर तावातावाने बोलणाऱ्या सभ्य माणसाच्या डोळ्यांपुढे बाजारातली त्याची स्वतःची गैरसोय असते, ट्रॉली नसते. रात्री नऊ ते बारा रस्त्यावर फिरणारं एक पथक, मुकादमाला आणि कारखान्याला जबाबदार धरणारी नोटीस आणि परावर्तक लावल्याशिवाय काट्यावर ट्रॉली न घेण्याची अट, एवढ्याने जे जीव वाचतील ते शहरातल्या हजार पावत्यांनी वाचणार नाहीत. दंड वाढवायचाच असेल तर तो इथे वाढवा, माझा विरोध नाही.

मूळ गोंधळ मात्र अधिकारांच्या वाटणीत आहे. गाड्या कुठे थांबतील त्या जागा ठरवण्याचं काम मोटार वाहन कायद्याचं ११७ वं कलम राज्य सरकारला किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला देतं, पण स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून. पावती फाडतात पोलिस, म्हणजे गृहखातं. रस्त्याचा काही भाग नगरपरिषदेचा, काही सार्वजनिक बांधकाम खात्याचा. इमारतीला परवानगी देते नगरपरिषद. आणि दंडाचा पैसा जातो राज्याच्या तिजोरीत. नगरपरिषदेने उद्या मेहनत करून वाहनतळ उभं केलं आणि त्यामुळे दंड कमी झाले, तर तिला एक पैसाही मिळत नाही. नाही केलं आणि दंड दुप्पट झाले, तरी तिचं काही जात नाही. वाहनतळाचं शुल्क मात्र तिचं असतं. म्हणजे शहराच्या तिजोरीला शुल्काचं व्यसन लागलं तर जागा तयार होतात, दंडाचं व्यसन तिला लागूच शकत नाही. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई, धारूर या सहाही नगरपरिषदांत जवळजवळ चार वर्षं प्रशासक होते. निवडणूक झाली ती डिसेंबर २०२५ मध्ये. ज्या स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करायची ती इतकी वर्षं एका खुर्चीत बसलेली होती, हे विसरून चालणार नाही.

इमारतींचा उल्लेख झालाच आहे तर एक कडू गोष्ट. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागात लागू असलेल्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत प्रत्येक रुग्णालयाने, मंगल कार्यालयाने, व्यापारी संकुलाने किती चारचाकी आणि किती दुचाकींची जागा सोडायची याचं कोष्टक आहे. नकाशात ती जागा असते. इमारत उभी राहिली की तळमजल्यावर औषधाचं दुकान येतं, शिकवणीचे वर्ग येतात, गोदाम येतं. मंजूर वापर असा परस्पर बदलणाऱ्यावर नगररचना कायद्याच्या ५२ आणि ५३ व्या कलमांखाली कारवाई होऊ शकते. पण पावती कोणाची फाटते? त्या रुग्णालयात आजारी आईला घेऊन आलेल्या आणि आत जागा नाही म्हणून रस्त्यावर गाडी लावणाऱ्या मुलाची. बेशिस्त ज्याने नकाशाशी केली, त्याच्या दारात आजवर कोणी यंत्र घेऊन उभं राहिलेलं नाही.

इथपर्यंत वाचून काही जण खूश झाले असतील, त्यांनाही थांबवलं पाहिजे. 'वाहनतळ नाही, पाटी नाही, तर पावती कसली?' असा उलटा पक्ष आपल्याकडे तितकाच जोरात आहे. तोही टिकत नाही. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमावलीत काही जागा पाटी असो वा नसो मुळातच वर्ज्य आहेत: पदपथ, चौकाचं तोंड, पादचारी पट्टे, बसथांब्याजवळची जागा, रुग्णालयाचं किंवा शाळेचं फाटक, आणि आधीच उभ्या असलेल्या गाडीच्या शेजारी दुसरी रांग. एसटी स्टँडच्या तोंडाशी आपे रिक्षांची तीन पदरी रांग लावणारा 'पाटी दाखवा' म्हणत असेल तर त्याला पाटीचा हक्क नाही. जागेची सबब फक्त त्याच गाडीला शोभते जी इतर कोणाची वाट न अडवता उभी आहे. आणि सुभाष रोडवरच्या जागा सकाळी दहालाच भरतात त्या गिऱ्हाइकांनी नव्हे, दुकानदारांच्या आणि दुकानातल्या कामगारांच्या गाड्यांनी. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत नव्वद वर्षांपूर्वी हीच रड होती. बाजारपेठेत दिवसभर गाड्या उभ्या राहायच्या त्या तिथेच काम करणाऱ्यांच्या, आणि गिऱ्हाईक फिरून परत जायचं. १६ जुलै १९३५ ला तिथे जगातलं पहिलं पार्किंग मीटर बसलं, तासाला पाच सेंट. व्यापारी आधी धास्तावले, मग आपल्याही रस्त्यावर मीटर बसवा म्हणून मागणी करू लागले.

जपानचं उदाहरण देणारेही भेटतात. २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला असेल तरच नवी चारचाकी नोंदवायची, अशी कल्पना मांडली. जपानमध्ये असा कायदा १९६२ पासून आहे. मुंबईसाठी तिच्यात अर्थ असेल. बीडमध्ये रात्री गाडी कुठे ठेवायची हा प्रश्न नाही, दुपारी बारा वाजता कुठे लावायची हा आहे, आणि लावणाऱ्याची गाडी बहुधा दुचाकी असते. गावातल्या वाड्यासमोर जागेला काय तोटा?

राहता राहिला 'शिस्तच नाही' हा मूळ दावा. त्याचं खंडन याच जिल्ह्यात दरवर्षी होतं, फक्त ते कोणी नोंदवून ठेवत नाही. सावरगाव घाटचा दसरा मेळावा बघा, नारायणगडावरचा मेळावा बघा, गडांचे नारळी सप्ताह बघा. हजारो गाड्या एका दिवसात एका डोंगराच्या पायथ्याशी येतात. वाहतूक कोणत्या रस्त्याने वळवली आहे याचं पत्रक पोलिस आधी काढतात, पीक काढलेल्या रानांत चुन्याच्या रेषा पडतात, अमुक तालुक्याच्या गाड्या इकडे अशा पाट्या लागतात आणि गळ्यात उपरणं घातलेली गावची पोरं शिट्टी फुंकत उभी असतात. ना यंत्र, ना पावती. तिथे गाड्या ओळीने लावणारी माणसं तीच, जी दुसऱ्या दिवशी सुभाष रोडवर आडवी गाडी लावतात. मेळाव्याच्या रानात त्यांना आधी जागा दाखवलेली असते आणि तिथल्या पोरापुढे ओळख चालत नाही, कारण तो भाऊंच्याच गावचा असतो.

तेव्हा उत्तरपक्ष असा. आधी जागा ठरवा, मग रेषा आखा, मग पाटी लावा, मग किंमत घ्या, आणि शेवटी पावती फाडा, लहान पण न चुकणारी. सुभाष रोडवर सम-विषम तारखांची एका बाजूची व्यवस्था करायला इमारत बांधावी लागत नाही, रंग आणि पाट्या लागतात. दुकानदारांच्या आणि कामगारांच्या गाड्यांसाठी जरा लांबची जागा महिन्याच्या पासवर द्यावी आणि दुकानासमोरची जागा पहिला अर्धा तास फुकट, पुढे तासागणिक चढत्या दराने ठेवावी. पुण्याने २०१८ मध्ये पार्किंगचं धोरण मंजूर केलं, विरोध झाला तसं ते प्रयोगापुरत्या पाच रस्त्यांवर आलं आणि रखडलं. त्यातला धडा एवढाच, की पहिल्या दिवशी सगळ्या शहराला हात घालू नये. एक रस्ता घ्यावा आणि सहा महिने त्याच्याच मागे लागावं. त्या रस्त्यावर कोणाचाही फोन आला तरी पावती रद्द होत नाही, हे एकदा दिसलं पाहिजे, आणि ते दिसण्यासाठी पहिल्या आठवड्यात एखाद्या वजनदार माणसाची गाडी सापडणं फार उपयोगी पडेल.

असा रस्ता निवडायचा तर माझ्या मते तो जुन्या बाजारातला नसावा. रेल्वे आली आहे. स्थानकाच्या हद्दीतलं वाहनतळ रेल्वेचं, हद्दीबाहेरचा रस्ता आपला. तिथे अजून हातगाडे पक्के झालेले नाहीत, रिक्षांच्या रांगेवर कोणाचा हक्क बसलेला नाही, दारात गाडी लावायची सवय झालेलं एकही दुकान नाही. नव्या सभागृहाने रिक्षाथांबा, दुचाकींची ओळ आणि एसटीची जागा यांचा ठराव करून तो वाहतूक शाखेकडे पाठवला, तर हे सगळं गाड्यांची संख्या वाढायच्या आत आखून होईल.